धार गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी ठेवून ओढली आणि ती सालीवरून नुसतीच सरकली. जोर लावला की साल आत दबते, रस बाहेर येतो आणि पातं एकदम खाली जातं. याला आपण ‘धार गेली’ म्हणून मोकळे होतो. पण धार जाते तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी एखादी झालेली असते आणि प्रत्येकीचा उपाय निराळा असतो. घरोघरी मात्र उपाय एकच: दगडावर घासा, नाहीतर धारवाल्याकडे द्या. त्यापायी चांगली पाती उगाच झिजतात. म्हणून या लेखात घासण्यापेक्षा तपासण्याला जास्त जागा दिली आहे. धारेला काय झालंय ते ओळखता आलं, तर वर्षातून तीन-चारदाच दगड काढावा लागतो आणि एरवीचं काम मिनिटाभरात होतं.

आधी धार म्हणजे काय ते पाहू. पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. कागदावर काढलं तर तिथे टोकदार कोन दिसतो, प्रत्यक्षात मात्र ते टोक थोडं गोलसर असतं. ती गोलाई किती बारीक, त्यावर सगळा खेळ आहे. दाढीच्या नव्या ब्लेडची कड 0.1 मायक्रॉनच्या आसपास असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नीट लावलेल्या स्वयंपाकघरातल्या सुरीची अर्ध्या मायक्रॉनच्या जवळपास, आणि बोथट सुरीची काही मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे बोथट सुरीची कडसुद्धा केसापेक्षा कितीतरी बारीक असते. नुसत्या डोळ्यांनी ‘धार चांगली दिसतेय’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही तो यामुळेच. हाताचा जोर तेवढाच राहतो, पण तो जितक्या बारीक रेघेवर पडतो तितका दाब वाढतो आणि टोमॅटोची साल दबायच्या आत फाटते.

दुसरी गोष्ट कोन. जपानी पद्धतीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने 12 ते 15 अंश, युरोपी पद्धतीच्या आणि आपल्याकडच्या बहुतेक स्टेनलेस सुऱ्यांना 17 ते 20 अंश, आणि नारळ सोलायच्या किंवा फांद्या तोडायच्या कोयत्याला 25 ते 30 अंश कोन ठेवतात. कोन लहान तेवढं पातं सहज आत शिरतं, पण कडेला आधार कमी राहतो. कोयत्याला सुरीचा कोन दिला तर पहिल्या घावातच कड तुटते.

चार तऱ्हांनी जाते धार

पहिली तऱ्हा म्हणजे कड वळणं. मऊ पोलादाची सुरी (कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 54 ते 57) ओट्यावर किंवा ताटात आपटली की कडेचा अतिशय पातळ भाग एका बाजूला कलंडतो. पोलाद जागेवरच असतं, फक्त खाली बघायचं सोडून बाजूला बघत असतं. आपल्या घरातल्या बहुतेक स्टेनलेस सुऱ्यांची धार आधी अशीच जाते.

दुसरी तऱ्हा झिजण्याची, आणि तिचं मोठं कारण भाजी नसून भाजीला चिकटलेली माती असते. पालक, कोथिंबीर, सुरण, बटाटे यांच्यावरच्या मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूतल्या कठीण खनिजाचे, कण असतात आणि क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण असतं. न धुतलेली कोथिंबिरीची जुडी चिरणं म्हणजे कडेवर पॉलिशपेपर फिरवणं. भाताच्या पेंढ्यात आणि उसाच्या पाल्यात तर सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनतं ते द्रव्य) वनस्पतीच्या पेशींतच साठलेली असते. कापणीचा विळा आणि ऊसतोडीचा कोयता इतक्या लवकर का बोथटतो, याचं उत्तर त्यात आहे.

तिसरी तऱ्हा तुटण्याची. कठीण पोलादाची सुरी (60 च्या वर) वळत नाही, तिचे बारीक टवके उडतात. हाड, गोठवलेलं मांस, कैरीची कोय, करवंटी ही नेहमीची कारणं. पण टवका उडायला समोरची वस्तू कठीणच हवी असं नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वस्तऱ्याच्या पात्याने केस कापताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस त्या पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी कडेचे टवके उडत होते. केस वाकतो, पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसते, आणि जिथे मऊ-कठीण भागांची सीमा कडेशी येते तिथे केसाच्या एका बाजूने ताण साठून कण सुटतो. सुरी कापता कापता तिरकी पिळली की टवके जास्त उडतात, त्यामागेही असाच एका बाजूला पडणारा ताण असतो.

चौथी तऱ्हा गंजाची आणि ती सगळ्यात फसवी. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांचं आम्ल कार्बन पोलादाची कड खातं. स्टेनलेसलाही मिठाच्या ओलाव्याने बारीक खड्डे पडतात. पातं वरून स्वच्छ दिसतं, पण कड इतकी पातळ असते की जो गंज पात्याच्या अंगावर दिसणारही नाही तो धार घालवायला पुरतो. रात्री लिंबू चिरून तशीच ठेवलेली साध्या लोखंडाची सुरी सकाळी बोथट का वाटते, ते यामुळे.

तपासणी: उजेड, बोट, पेन

पहिली तपासणी उजेडाची. खोलीत एकच दिवा ठेवा किंवा मोबाइलची बॅटरी लावा. सुरीची धार वर, आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरा आणि पातं हळूहळू डावी-उजवीकडे कलवा. चांगली धार उजेड परत पाठवत नाही, कारण पाठवायला तिच्याकडे सपाट जागाच नसते. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे कड गोल झाली आहे किंवा वळली आहे. एखादाच चमकता ठिपका दिसला तर तिथे टवका आहे. मार्करने पात्याच्या अंगावर, ठिपक्याच्या वर, खूण करा. पुढच्या प्रत्येक तपासणीत ती उपयोगी पडते. बहुतेक सुऱ्यांत चमकती रेघ टोकापासून दोन-तीन बोटांवर असते. टोक पाटावर टेकवून आपण सुरी डोलवत चिरतो, तेव्हा तोच भाग पाटावर सर्वांत जास्त घासतो.

दुसरी बोटाची. अंगठ्याची पेरी धारेच्या आडवी, पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर हलकेच सरकवायची. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवायचं नाही. दोन्ही बाजूंनी हे करून बघा. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला कातडीला काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, तर कड त्या बाजूला वळलेली आहे. दगडावर नुकती घासलेली सुरी असेल तर ती ‘बर’ आहे. तिच्याकडे पुढे येऊ. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत आणि सुरी तरी कापत नाही, तर कड झिजली आहे. एवढ्या एका स्पर्शाने वळणं आणि झिजणं वेगळं काढता येतं. दगड काढायचा की नाही याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

तिसरी नखाची, पण नखाऐवजी बॉलपेनचं गोल प्लास्टिकचं नळकांडं घेतलं तरी काम तेच होतं आणि बोट सुरक्षित राहतं. पेन साधारण 45 अंशात तिरकं धरा, सुरी तिच्या स्वतःच्या वजनाने त्यावर टेकवा. धार असेल तर पातं जिथे टेकलं तिथेच रुतून थांबतं, नसेल तर घसरतं. मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ अशा तीन ठिकाणी बघा. तिन्ही ठिकाणी सारखा निकाल येणारी सुरी क्वचितच सापडते.

कागद काय सांगतो

कागदाची तपासणी सगळ्यांना माहीत असते, पण ती बहुधा चुकीच्या पद्धतीने केली जाते. छपाईचा साधा ए-फोर कागद (70 ते 80 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) बराच ताठ असतो. मध्यम धारेची सुरीही तो कापते. तो पास झाला म्हणजे सुरी ‘ठीक’, एवढंच. वर्तमानपत्राचा कागद मऊ, तो खरी परीक्षा घेतो. दुकानातल्या बिलाचा पातळ चकचकीत कागद त्याहून अवघड. वर्तमानपत्र हाताने फाडून पाहिलं तर एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा. कापताना त्या दिशेला आडवं कापायचं, नाहीतर कागद स्वतःच्या तंतूंवरून फाटत जातो आणि श्रेय सुरीला मिळतं.

कागद चिमटीत धरा, चिमटीपासून तीन-चार सेंटीमीटरवर मुठीकडची धार टेकवा आणि टोकापर्यंत एकाच लयीत ओढा. जोर नको. कान द्या. चांगली धार ‘सर्र’ असा एकसारखा आवाज करते. मध्येच ‘खर्र’ झालं किंवा कागद अडकून फाटला, तर त्या क्षणी पात्याचा कोणता भाग कागदात होता ते बघा. अडकण्याची जागा आणि मघाची मार्करची खूण जुळली तर टवका नक्की. जिथे पातं कागदाला न कापता फक्त दुमडतं, तिथे कड झिजली आहे.

टोमॅटोची तपासणी याहून वेगळी गोष्ट मोजते. साल गुळगुळीत आणि ताणलेली असते, आतला गर मऊ. तिला पकडायला कडेवर अतिशय बारीक दाते लागतात. म्हणून 1000 क्रमांकाच्या दगडावर (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक) सोडलेली सुरी टोमॅटोवर उत्तम चालते, आणि आरशासारखी चमकवलेली सुरी आठवड्याभराने त्याच टोमॅटोवर घसरू लागते, जरी ती कागद अजून सुरेख कापत असली तरी. मासळीचे पातळ काप करायचे तर चमकवलेली धार चांगली, रोजच्या भाजीला थोडी खरबरीत. चाचणी घेताना टोमॅटो हाताने धरू नका, मोकळा ठेवा आणि सुरी फक्त स्वतःच्या वजनाने ओढा. धरला की हात नकळत दाब देतो.

हातावरचे केस उडवून धार दाखवायची पद्धत आम्ही सांगत नाही. धोका हे एक कारण आहेच, पण मोठं कारण असं की ती चाचणी बरेने भरलेली सुरीही पास होते.

बर: पहिल्या दिवशी फसवणारी धार

दगडावर एक बाजू घासत गेलं की कडेचं पोलाद दुसऱ्या बाजूला ढकललं जातं आणि तिथे तारेसारखी पातळ झालर तयार होते. कारखान्यात काम करणारे तिला ‘बर’ म्हणतात. बर येणं चांगलंच, कारण त्या बाजूचं घासणं कडेपर्यंत पोचल्याची ती खूण आहे. ती काढली नाही की मात्र घोटाळा होतो. बर इतकी पातळ असते की कागद कापते, केस उडवते, आणि ‘काय धार लागलीय!’ असं वाटतं. मग पहिल्या दोन-तीन कांद्यांत ती वळते किंवा तुकड्या-तुकड्यांनी सुटते, आणि खाली उरते ती रुंद, फाटकी कड. ‘धारवाल्याने लावली, दोन दिवसांत गेली’ या तक्रारीमागे बहुतेकदा न काढलेली बर असते. तुटलेले कण अन्नात जातात, हेही लक्षात ठेवायला हवं.

ओळखायची कशी? कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे दोन्ही बाजूंनी फिरवा, बर असेल तर तंतू अडकून राहतात. आणखी पक्की रीत अशी: सुरीने वर्तमानपत्र कापा, मग मऊ लाकडाच्या कडेत हलक्या हाताने दोन-तीन चिरा ओढा, पुन्हा वर्तमानपत्र कापा. धार खरी असेल तर दोन्ही वेळा सारखं कापेल. दुसऱ्या वेळी अडकलं, तर पहिल्यांदा कापलं ते बरेने.

वजनकाट्यावर धार मोजायची रीत

‘चांगली’, ‘बरी’, ‘गेली’ या शब्दांवर फार काळ विसंबता येत नाही. धार मोजायची असेल तर एक ठरलेला धागा तोडायला किती ग्रॅम जोर लागतो ते बघायचं. धार तपासायची यंत्रं हेच करतात. त्यांच्यातल्या एका प्रचलित मापावर दाढीचं नवं ब्लेड 50 च्या आसपास येतं, चांगल्या कंपनीची नवी सुरी 250 ते 300, आणि लोणी लावायची सुरी 2000 च्या जवळ. आकडा जितका कमी तितकी धार जास्त.

घरी तेच काम स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर होतं. एक जड, सपाट बुडाची वाटी घ्या. तिच्या तोंडावर शिवणकामाचा पॉलिस्टर धागा आडवा ताणून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बाहेरून पक्की करा. ताण दर वेळी सारखा यावा म्हणून चिकटवण्याआधी धाग्याच्या लोंबत्या टोकाला एकच ठरलेलं वजन, समजा दहा रुपयांची दोन नाणी पिशवीत घालून, बांधा. वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. सुरी धाग्याच्या मध्यावर काटकोनात ठेवून सरळ खाली दाबा, अजिबात ओढू नका. ओढलं की करवतीसारखं कापलं जातं आणि आकडा खोटा येतो. धागा तुटतो त्या क्षणीचा सर्वांत मोठा आकडा हवा असतो, तो डोळ्यांना पकडता येत नाही म्हणून मोबाइलवर चित्रण करून मागाहून बघा. मुठीजवळ, मध्यावर, टोकाजवळ असे प्रत्येकी तीन वेळा मोजा आणि मधला आकडा घ्या. त्याच रिळाच्या धाग्यावर दाढीचं नवं ब्लेड मोजा. तो तुमचा शून्य बिंदू. तुमचा धागा आणि यंत्राचा धागा वेगळा, त्यामुळे वरच्या मापाशी तुलना करू नका. स्वतःच्याच आकड्यांची आपसांत करा. धार लावल्यावर आणि महिन्याभराने घेतलेल्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की तुमचा पाट, तुमचं धुणं आणि तुमची सुरी यांचं खरं चित्र दिसतं.

एका वेळची धार आणि टिकणारी धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आंतरराष्ट्रीय मानक त्या वेगळ्याच मोजतं. आयएसओ 8442 च्या पाचव्या भागातली ही चाचणी इंग्लंडच्या शेफील्डमधल्या कॅट्रा या संशोधन संस्थेच्या यंत्रावर होते. सुरी धार वर करून घट्ट बसवतात, तिच्यावर खास कागदाची थप्पी 50 न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो वजनाच्या जोराने दाबतात आणि 40 मिलिमीटर मागे-पुढे सरकवतात, अशा 60 फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत किती कागद कापला गेला ती सुरुवातीची धार, साठही फेऱ्यांत मिळून किती ती टिकाऊ धार. त्या कागदात मुद्दाम 5 टक्के क्वार्ट्झची भुकटी मिसळलेली असते. न धुतलेल्या कोथिंबिरीत आयती मिळते तीच वस्तू.

काय झालंय त्याप्रमाणे उपाय

बोटाला एकाच बाजूला अडकलं, म्हणजे कड वळली आहे. दगड नको. सळई, म्हणजे धार सरळ करायचा गोल दांडा, पुरे. सळईचं टोक पाटावर टेकवून ती उभी धरा, सुरी 15 ते 20 अंशांत मुठीपासून टोकापर्यंत वरून खाली आणा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असं चार-पाच वेळा. दाब सुरीच्या वजनाएवढाच. खटाखट आवाज काढत घासणं बघायला छान वाटतं, पण त्यात कोन हुकतो आणि कड सळईवर आपटते. सळई फक्त सरळ करते असं म्हणतात ते अर्धंच खरं. ती थोडं पोलाद खरवडतेही, म्हणून जोर देऊ नये. कठीण जपानी सुरीला खाचांची पोलादी सळई लावू नका, टवके उडतात. तिला गुळगुळीत सिरॅमिकची सळई किंवा चामडं. सळई नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. त्याच्या बुडाला जी चकाकी नसलेली खरखरीत कड असते, ती हेच काम करते.

आठवड्यातून एकदा चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवलं तर सळईही क्वचितच लागते. जुना कमरेचा पट्टा सपाट लाकडावर, आतली खरबरीत बाजू वर करून, चिकटवा. त्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पॉलिश चोळली तर उत्तम. पातं नेहमी पाठ पुढे, धार मागे असं ओढायचं. उलटं केलं तर चामडं कापलं जाईल. प्रत्येक बाजूने दहा वेळा. चामडं दबून कडेभोवती वर येतं, म्हणून जोर दिला की कड गोल होते.

दोन्ही बाजू गुळगुळीत आणि कागद दुमडतोय, तर दगड काढा. रोजच्या सुरीला 1000 क्रमांकाचा एक दगड पुरतो. टवके असतील तरच आधी 220 किंवा 400. दगड ओला, खाली ओला फडका. कोन धरायला अंदाज नको, माप घ्या: पातं 45 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 12 मिलिमीटर उचलली की सुमारे 15 अंश होतात, 15 मिलिमीटर उचलली की सुमारे 20. घासण्याआधी धारेलगतचा उतार मार्करने रंगवा आणि दोन-तीन हात फिरवून बघा. रंग फक्त वरच्या बाजूने गेला तर पाठ फार खाली आहे, फक्त कडेवरून गेला तर फार वर. सगळा गेला की कोन जमला.

मग एकाच बाजूने घासत राहा, जोपर्यंत मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे दुसऱ्या बाजूला बर बोटाला लागत नाही. धार न लागण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे. मध्यावर बर आली की लोक पातं उलटतात, टोक आणि मूठ तशीच राहते. सुरुवातीला जोर एक ते दीड किलोचा चालतो. दगड काट्यावर ठेवून एकदा हाताला सवय लावून घ्या. दुसऱ्या बाजूलाही तशीच बर आणा. त्यानंतर जोर पाव किलोवर आणून बाजू आलटून-पालटून: पाच-पाच, तीन-तीन, शेवटी एक-एक हात. मग चामड्यावर. मग लाकडाची चाचणी. दगड मध्ये खोलगट झाला की कोन कधीच स्थिर राहत नाही. त्यावर पेन्सिलीने चौकटी काढून जाड काचेवर चिकटवलेल्या 120 च्या पॉलिशपेपरवर घासा, सगळ्या रेषा पुसल्या गेल्या की दगड सपाट.

दोन तिरप्या पात्यांमधून सुरी ओढायचं साधन सोयीचं वाटतं. त्यातली कठीण पाती घासत नाहीत, खरवडतात. कड फाटकी होते आणि प्रत्येक वेळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पोलाद जातं. स्वस्त सुरीला चालेल. चांगल्या सुरीला लावू नये असंच आमचं मत.

कोरड्या चाकाचा धोका

धारवाल्याच्या सहाणेवर काम झटपट होतं आणि हात बसलेला कारागीर सुंदर धार लावतो. जपायचं ते उष्णतेला. पातं घडवताना त्याला पाणी देतात, म्हणजे तापवून झटक्यात थंड करतात आणि मग पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढतात. साध्या कार्बन पोलादात ही दुसरी तापवणी बहुधा 150 ते 200 अंश सेल्सिअसवर होते. कोरड्या चाकावर कड त्याहून जास्त तापली की पाणी उतरतं आणि कड कायमची मऊ होते. पोलादावर रंग चढतो तो त्याचा पुरावा: 230 च्या आसपास पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, 300 च्या सुमारास निळा. कड निळी दिसली तर तेवढा भाग घासून टाकण्याखेरीज इलाज नाही. रंग पुसला म्हणजे मऊपणा गेला असं होत नाही. म्हणून देताना सांगा: प्रत्येक फिरवणीनंतर पातं पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसेल इतकं तापू देऊ नये, हा साधा नियम. सुरी गॅसच्या ज्योतीवर धरून तापवायची सवयही याच कारणाने धार घालवते.

विळीची गोष्ट वेगळी

विळीचं पातं उभं, स्थिर, आणि भाजी त्याच्यावर दोन्ही हातांनी ढकलली जाते. चिरलेलं खाली ताटात पडतं, पातं कशावरही आपटत नाही. गोव्यातल्या आदोळीचंही तेच. म्हणून विळीची कड सहसा वळत नाही. ती झिजते, गंजते, किंवा कोय-खोबऱ्याला लागून तुटते. तिला सळईचा फारसा उपयोग नाही. साध्या लोखंडाच्या विळीला कैरी-लिंबू चिरल्यावर लगेच ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसणं, हीच मोठी राखण. धार लावताना पातं दगडावर नेता येत नाही, दगड पात्यावर न्यायचा. सहा इंची दुहेरी (एक बाजू खरबरीत, एक बारीक) दगड ओला करून घ्या, विळीचा पाट पायाने पक्का दाबा, बोटं दगडाच्या मागच्या अर्ध्या भागावर ठेवा आणि पायथ्याकडून टोकाकडे तिरके, छोटे हात फिरवा. जाड हातमोजा घाला. बर इथेही येते आणि इथेही काढावी लागते.

धार राखणं

ग्रॅनाइटचा किंवा कडप्पा फरशीचा ओटा, स्टीलचं ताट, काचेचा पाट, चिनी मातीची बशी: यांवर चिरलेली एकच काकडी सळईवरचं सगळं काम पुसून टाकते. लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा पाट घ्या. बांबूचा बराचशा लाकडांपेक्षा कठीण असतो. चिरलेला कांदा कढईत लोटताना पातं उलटं करून पाठीने लोटा. धारेने खरवडत नेलं की कड आडवी घासते आणि वळते. ही एक सवय बदलली तरी फरक काट्यावर दिसतो.

पालेभाजी आणि कंद चिरण्याआधी धुवा. सुरी बाकीच्या भांड्यांत टाकू नका, वापरली की लगेच हाताने धुवा, पुसा, ठेवा. भांडी धुण्याच्या यंत्रात गरम क्षारांचं पाणी आणि आपटणं, दोन्ही एकदम होतं. खणात इतर चमच्यांबरोबर टाकायची असेल तर जाड पुठ्ठा दुमडून पात्याला म्यान करा. भिंतीवरच्या चुंबकपट्टीला आधी पाठ टेकवा आणि मग पातं वळवून चिकटवा. काढताना आधी धार सुटू द्या. कोकणातल्या पावसाळ्यात कार्बन पोलादावर खोबरेल तेलाचं अगदी पुसट बोट फिरवलं तर गंज धरत नाही. अशा पात्यावर वापराने जो निळा-करडा थर येतो तो घासून काढू नका, तो लाल गंज अडवतो. लालसर दिसलं तर मात्र लगेच काढा.

शेवटी एक तक्रार जिच्यात धारेचा दोष नसतोच. सुरी वर्तमानपत्र सुरेख कापते, टोमॅटोवर रुतते, पण गाजर चिरताना निम्म्यात अडकते आणि ‘कट्’ असा आवाज होऊन गाजर उकलतं. वर्षानुवर्षं कड घासत गेलं की धार पात्याच्या वरच्या, जाड भागात सरकत जाते. धारेलगत नव्या सुरीची जाडी 0.2 ते 0.4 मिलिमीटर असते, पाच-सात वर्षं घासलेलीची 0.8 पर्यंतही जाते. पुढे बारीक धार आणि मागे पाचर. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) असेल तर धारेच्या उताराच्या लगेच वर मोजून बघा. जाडी दुप्पट झाली असेल तर 220 च्या दगडावर पातं जवळजवळ आडवं, पाठ चार-पाच मिलिमीटरच उचलून, धारेमागचा पट्टा घासून पातळ करावा लागतो. हे तासाभराचं काम आहे. धारवाल्याकडे द्यायचं असेल तर ‘धार लावून द्या’ म्हणू नका, ‘पातं मागून उतरवून द्या’ असं सांगा, आणि ओल्या दगडावरच करा असंही.